वाढलेल्या बांगड्या

"फुटल्या!" महिपती ओरडला.

"वाढल्या म्हण, मेल्या!" घाटाच्या शेवटच्या पायरीवर चिखलात बसल्या बसल्या मीही तितक्याच जोरात ओरडले.

कॅमेरा चालूच होता, पण त्याची फिकीर कुणाला? ते मूकपटाचे दिवस. पडद्यावर आमची तोंडं नुसती हलायची. नायिका नायकाच्या खांद्यावर मान टाकून म्हणायची, "मेल्या, कांदा खाऊन आलास का रे?" आणि खाली पाटी यायची, 'प्राणनाथ, आता मरण आलं तरी चालेल!' लोक पाटी वाचून डोळे पुसायचे.

"चंपाकली!" चिंचलीकर मास्तर भोंग्यातून कडाडले. "पडायचं बरं कळतं, मग पडल्यावर मनगट काय चोळतेस? हात वर करून प्रेक्षकांकडं बघायचं ठरलं होतं ना?"

"मास्तर, हात वर केले तर मोकळे दिसतील. बांगड्या वाढल्या सगळ्या."

"मग भर दुसऱ्या! महिपती, ऊन चाललं, पळ!"

मिस चंपाकली म्हणजे मी. नाव कंपनीनं दिलेलं. देवानं मला नायिका होण्यासारखं काही दिलं नव्हतं. नाक नकटं, हनुवटी थोराड, चालणं बदकाचं. पण चेहरा असा दिला होता की तो घडीभर गप्प बसायचा नाही. त्यामुळे चित्र कुठलंही असो, पौराणिक असो की सामाजिक, मधे एक पडणारी बाई लागायची आणि ती मी असायचे. मी गाढवावरून पडले, पाळण्यातून पडले, एकदा तर स्वर्गातून पडले. ह्या खेपेला डोक्यावर उतरंड घेऊन घाटावरून पडायचं होतं. एकदा पडून, प्रेक्षकांकडं बघून, उठून, पुन्हा पडून थेट नदीत जायचं होतं.

महिपती आमचा सामानवाला. नाटकातल्या गदेपासून नायिकेच्या नथीपर्यंत सगळं त्याच्या पेटीत. पण काचेच्या बांगड्या काही त्याच्या पेटीत नव्हत्या.

"कुठल्या आणू? हिरव्या का लाल?" त्यानं विचारलं.

"कुठल्याही आण," मास्तर म्हणाले. "फिल्मवर सगळं काळंच दिसायचं. हात भरलेला पाहिजे, बस."

"माझ्याजवळ पितळेच्या आहेत, त्या घालते," मी घाईनं म्हटलं. "गावात कशाला पाठवता त्याला?"

"पितळ उन्हात चमकतं. भिंगात तारे नाचतील. पळ रे!"

महिपती पायऱ्या चढून पळाला आणि मी पदर कपाळावर ओढला. कारण हा घाट कुरुंदवाडचा होता, आणि घाट चढून गेलं की उजव्या हाताला जी गल्ली लागते तिच्यात आमचं घर होतं. कंपनीत मी सगळ्यांना सांगितलं होतं, मी मिरजेकडची. तोंडाला पांढरा लेप, भुवया कोळशानं कपाळापर्यंत ओढलेल्या, त्यामुळे दोरीपलीकडं जमलेल्या गावकऱ्यांपैकी कुणी मला ओळखलं नव्हतं. मी मात्र सकाळपासून त्या गर्दीत एकच तोंड शोधत होते. मघाशी घसरताना तोल चुकला तो त्यामुळेच.

आम्ही कासार. बांगडी विकणारे. आमच्या घरात 'फुटली' हा शब्द उच्चारला तर थोबाडीत बसायची. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. मंगळसूत्राचा दोरा तुटत नाही, मंगळसूत्र वाढतं. तशीच बांगडी वाढते. नाना, म्हणजे माझे वडील, माल आणायचे आणि दुकानापुढं बसायचे. बायकांच्या हातात बांगड्या भरायची ती आई.

आई ठार बहिरी होती. जन्मानं नव्हे. मी लहान असताना तिला मुदतीचा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. बोलता यायचं तिला, पण स्वतःचा आवाज कळायचा नाही. कुणाची चहाडी माझ्या कानात सांगायला जायची आणि ती पार वेशीपर्यंत ऐकू जायची. एकदा पाटलीणबाई समोर हात देऊन बसलेल्या असताना ती माझ्या कानाशी लागली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं, "हिचा हात बघ, दुधी भोपळा!" नानांनी त्या दिवशी डोक्याला हात लावला.

तेव्हापासून आम्ही मायलेकींनी आवाज वजाच केला. ती तोंड नुसतं हलवायची, मीही नुसतं हलवायचे. ती माझे ओठ वाचायची, भुवया वाचायची, गाल वाचायची. मी तिचे. गिऱ्हाइकासमोर बसून आम्ही त्याच गिऱ्हाइकाची यथेच्छ टवाळी करायचो आणि नाना लोकांना सांगायचे, "आमची मानसं लई शांत. तोंडातनं शबुद न्हाई." पुढं मास्तर मला चारचौघांत म्हणायचे, चंपाकलीचा चेहरा बोलतो. बोलणारच. घरी तेवढ्यावरच माझं पोट भरत होतं.

कंपनीत मी गेले ती अपघातानंच. कोल्हापूरला मामाकडं नवरात्राला गेले होते. कंपनीला गर्दीत उभ्या राहायला बायका हव्या होत्या, मामीबरोबर मीही गेले आणि राजवाड्याच्या सारवलेल्या जमिनीवरून घसरून प्रधानजींच्या मांडीत पडले. सगळे हसले. मास्तरांनी मला ठेवून घेतलं आणि मी राहिले. मला राहायचंच होतं, खोटं कशाला बोलू? नाना कोल्हापूरला आले, कंपनीच्या दारात उभे राहून म्हणाले, "पोरगी बाजारात बसली," आणि परत जाऊन त्यांनी माझ्या नावानं आंघोळ केली. मामानं ते सांगितलं तेव्हा मी तीन दिवस पडण्याचं काम सोडून नुसती पडून होते.

आईला अक्षर येत नव्हतं. निरोप घेऊन नानांच्या दारात जायला कुणी धजत नव्हतं. मग मला एक युक्ती सुचली. आमच्याकडच्या जत्रांतून तंबूतला सिनेमा यायचा. तिथं पाटी न वाचणारी, नुसती तोंडं बघणारी एक बाई कधीतरी येऊन बसली तर?

पहिल्या चित्रात मी धान्याच्या कणगीत अडकले होते. तोंड तेवढं बाहेर. तेव्हा कॅमेऱ्याकडं बघून बोलले, 'आई, मी बरी हाय.' पाटी आली, 'उंदीर! उंदीर!' दुसऱ्या चित्रात मी सांगितलं, 'मला येगळी खोली हाय. दाराला कडी हाय.' पाटी काय होती आता आठवत नाही. तिसऱ्यात मी गाढवावर उलटी बसले होते आणि खरोखरच जीव नकोसा झाला होता, म्हणून म्हटलं, 'आई गं, दाढ लई दुखतीया.' पाटी आली, 'नाथ, मला चंद्र आणून द्या ना!' लोक हसून हसून बेजार झाले. आणि अशी मी दर चित्रात बोलत गेले. उत्तर येणार नव्हतंच. पण तिनं ते कधी पाहिलं तरी का, तिच्या लेखी मी आहे का मेले, एवढंही कळायला मार्ग नव्हता.

त्यात सकाळीच मास्तरांनी सांगून टाकलं होतं, "मंडळी, हे आपलं शेवटचं मुकं चित्र. दिवाळीनंतर बोलपट. आता तोंडाला येईल ते बडबडायचं नाही. लिहून दिलेलं बोलायचं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मनात म्हटलं, आता आईशी बोलायची ही शेवटचीच खेप. मघाचं ते प्रेक्षकांकडं बघणं होतं ना, त्यात काय बोलायचं ते आठवडाभर घोकलं होतं. 'आई, एकदा भेट.'

"आणलं, आणलं!" महिपतीचा आवाज आला. "दुकानात या म्हनत होतं. मी म्हटलं, बाई चिखलानं भरलीया, तुमीच चला."

मी वर पाहिलं. महिपतीच्या मागं बांगड्यांची पेटारी डोक्यावर घेतलेले नाना होते. नानांच्या मागं, पदर दातात धरून एकेक पायरी उतरणारी आई होती.

इतक्या चित्रांत इतक्या वेळा पडले, पण जमिनीनं मला पोटात घ्यावं असं तेव्हाच वाटलं.

नाना दोन पायऱ्या वर थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि एका नजरेत ओळखलं. त्या लेपातून, त्या कोळशाच्या भुवयांतून त्यांनी मला कसं ओळखलं, याचं मला तेव्हा नवल वाटलं. खाली ठेवू लागलेली पेटारी त्यांनी पुन्हा डोक्यावर घेतली आणि पाठ फिरवली.

"अहो, निघालात कुठं?" मास्तर ओरडले. "ऊन चाललंय!"

मी दोन्ही हात पुढं केले. मोकळे. उजव्या मनगटावर काच लागून रक्त आलं होतं.

लहानपणापासून नानांच्याच तोंडून ऐकलेलं होतं, 'मोकळा हात फुडं आला की कासारानं पाठ फिरवायची न्हाई. मग त्यो वैऱ्याच्या बायकूचा का असंना.' दुसऱ्या कशालाही ते बांधील नव्हते. बाप म्हणून ते सुटले होते, आंघोळ करून मोकळे झाले होते. पण कासार होतेच की.

नानांनी मान जराशी वळवली आणि ते हात पाहिले. मग त्यांनी पेटारी खाली ठेवली आणि महिपतीला म्हणाले, "ही भरंल म्हनावं. त्या बाईंच्या हातात."

त्या बाईंच्या! चिखलात बसले होते तरी ते फार लागलं. नाना नदीकडं तोंड करून उभे राहिले.

आई माझ्यासमोर पायरीवर बसली. तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला, पदरानं रक्त पुसलं आणि बोटांची मोळी करून दाबायला लागली. नजर माझ्या तोंडावर, आवाज नाही, नुसते ओठ हलले.

'हात मऊ सोड.'

मी मऊ सोडला. पहिली बांगडी सरकन आत गेली.

'वाळलीस,' आई म्हणाली. दुसरी बांगडी. 'दाढ ऱ्हायली का?'

माझी दाढ कधी दुखली हे जगात कुणाला ठाऊक होतं? मला आणि त्या गाढवाला.

'उपटली,' मी ओठ हलवले.

'लवंग धरायची हुती. निजताना कडी लावतीस न्हवं?'

'लावती.'

'त्यो कोन तुझ्या अंगावर धावून येतोय दर खेपंला? उंच, मिशीवाला?'

'ढवळे. खोटंखोटं येतो गं. गरीब हाय बिचारा.'

'मला न्हाई आवडत.'

माझ्या डोळ्यांतून धार लागली. पांढरा लेप ओघळून हनुवटीवर आला. "रंग! रंग गेला तिचा!" असं मास्तर लांबून ओरडत होते, आणि महिपती त्यांना "काच लागलीया वो, दुखत असंल" म्हणून समजावत होता.

'तू समदं बघितलंस?' मी विचारलं.

'समदं.'

'तंबूत कशी गेलीस? एकटी?'

आई बोटं दाबायची थांबली. तिनं हनुवटी जराशी नानांच्या पाठीकडं केली.

'नेत्यात की. मिरजंलाबी नेलं एकदा बैलगाडीनं. मी बायकांत बसतीया, ह्ये बाप्यांत बसत्यात. लोक तुला हसाय लागलं की ह्ये खाली बघत्यात.'

मी त्या पाठीकडं बघत राहिले. सदरा उसवलेला होता, खांद्यावर पेटारीच्या दोरीचा वळ पडला होता.

'घरी आल्यावर इचारत्यात, काय म्हनतीया ती? मी सांगत न्हाई.'

'का गं?'

'का म्हंजे? माझ्यासंगं बोलतीस तू,' आई म्हणाली. बांगडी सारताना तिनं माझा अंगठा जरा जोरानंच दाबला. 'त्यांच्यासंगं कुटं बोलतीस?'

दोन्ही हात भरून झाले. आईनं पेटारीतून आणखी एक बांगडी काढली आणि डाव्या हातात घातली. कासार अशी एक वरची भरतो. ती मोजायची नसते, ती आशीर्वादाची. आणि बांगड्या भरून झाल्या की भरून घेणारीनं कासाराला नमस्कार करायचा असतो. मी उठले. चिखलानं जड झालेलं लुगडं आवरत दोन पायऱ्या चढले आणि नानांच्या टाचांवर डोकं ठेवलं. ते वळले नाहीत. पण वाकलेल्या सवाष्णीला, पोरीबाळीला कासारानं काहीतरी बोलून वाटेला लावायचं असतं, मुक्यानं लावायचं नसतं.

नाना नदीला म्हणाले, "पडताना हात टेकू नगं. बांगड्या वाढत्यात."

मग त्यांनी पेटारी उचलली आणि ती दोघं घाट चढून गेली. आई तीनदा मागं वळली. नाना वळले नाहीत.

"काय माणसं!" मास्तर करवादले. "चल, रंग लाव पुन्हा. घसरण्यापासून घेऊ."

मी डोक्यावर उतरंड घेतली आणि घसरले. कोपर सडकून निघालं, कंबर आठ दिवस शेकत होते, पण हात टेकला नाही. दोन्ही हात वर धरूनच खाली आले.

"एकबी वाढली न्हाई!" महिपती ओरडला. शिकला होता बिचारा.

मग कॅमेरा माझ्या तोंडाजवळ आणला. प्रेक्षकांकडं बघायची वेळ आली. आठवडाभर घोकलेलं माझ्या कामाचं राहिलं नव्हतं. मी भरलेले हात वर करून खुळखुळवले आणि बोलले. बोलले, उठले, पुन्हा पडले आणि थेट नदीत गेले.

"मधे काय बडबडलीस गं?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही पाटी लिहाल तेच समजायचं, मास्तर."

त्यांनी पाटी लिहिली, 'अगं बाई! माझं गाढव सासरी गेलं वाटतं!'

बोलपट आले. त्यात मी सासवा केल्या, कजाग शेजारणी केल्या, आणि लिहून दिलेलं चोख बोलले. पडणाऱ्या बाईची गरज हळूहळू संपली. ते असो. मला सांगायचं आहे ते त्या शेवटच्या मुक्या चित्राचं. आमच्या गावाजवळच्या वाडीच्या जत्रेत तंबूतल्या खेळाला महिपती फिल्म घेऊन गेला होता. परत आला तो सरळ माझ्या खोलीवर आला आणि घाम पुसत दारातच बसला.

"चंपाबाई," तो म्हणाला, "ती घाटावरची कासारीण कोन तुमची?"

"का रे?"

"अवो, खेळ रंगात आल्याला. तुमी पडला, लोक हसत्यात. मग तुमचं तोंड आलं ह्ये एवढं मोठं, हात खुळखुळवलं, तोंड हाललं. पाटी आली गाढवाची. लोक गडाबडा लोळाय लागलं. आनि बायकांच्यातनं ती बाई उठली. मधला दोर वलांडून सरळ बाप्यांत! पडद्यावर तिची ही मोठी सावली पडली. लोक बोंबलत्यात, खाली बस, खाली बस! तिला कुटं ऐकू येतंय? ती गेली आनि म्हाताऱ्याला हलवून, अशा आवाजात म्हनाली की तंबूचं खांब हाललं, 'तुमास्नी म्हनतीया! तुमास्नी! म्हनतीया, नाना, हात न्हाई टेकला बघा!'"

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. "मग?"

"मग काय, समदं चिडीचूप. पेटीवाला बी पेटी वाजवायचा थांबला. कुनीतरी मागनं वरडलं, 'कोन म्हनतंय? कुनाला म्हनतंय?' म्हातारा खाली मान घालून बसल्याला. त्यानं मान वर केली. उभा ऱ्हायला, मागं वळून बघितलं समद्या तंबूकडं आनि म्हनाला..."

"काय म्हणाले, महिपती?"

"म्हनाला, 'पोरगी हाय माझी. गप बसा आता, ती पुन्यांदा पडनार हाय.'"